पेरलेल्या चुका

नकाराचं पत्र आलं तेव्हा शिवलीला बिराजदार लातूरच्या आपल्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खडकांचे नमुने पुसत बसली होती. डॉ. हेमंत टिल्लू यांच्याकडे पीएच.डी. करता यावी म्हणून तिने तीन आठवडे जो पत्रव्यवहार केला, त्याचा निकाल चार ओळींत होता.

'संवादात हेतुपुरस्सर पेरलेल्या चुका : पाच. अर्जदाराने दाखवून दिलेल्या : शून्य. उत्तरे यंत्राने लिहिली असण्याची शक्यता : दाट. शेरा : कृत्रिम. हा शेरा तीन वर्षे सर्व संस्थांना दिसेल.'

नुसता नकार असता तर तिने तो गिळला असता. नकार काय, माणसाला येतच असतात. पण शून्य? तिला पाचच्या पाच चुका दिसल्या होत्या. पहिली दिसली तेव्हा ती हसलीसुद्धा होती, सर घाईत असतील म्हणून. आणि आता तिला सांगण्यात येत होतं, की तुला काही दिसलं नाही, कारण बाई, तू मुळात माणूसच नाहीस.

हे चुका पेरण्याचं प्रकरण काय आहे ते आधी सांगायला हवं. पूर्वी पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधायचा म्हणजे मुलं प्राध्यापकांना पत्रं लिहीत. 'आपल्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे' हे एकच वाक्य चाळीस जणांना जाई, आणि एखाद्या गाफील गड्याच्या पत्रात आधीच्या प्राध्यापकाचं नावही तसंच राहून जाई. बहुतेकांना उत्तर येत नसे. पुढे लिहून देणारी यंत्रं घरोघर आली आणि सगळ्यांचीच पत्रं उत्तम झाली. ज्याने सरांचा एकही निबंध उघडला नव्हता, त्याच्या पत्रातून सरांना स्वतःच विसरलेले निष्कर्ष पुन्हा कळू लागले. अशी हजारो पत्रं रोज येऊ लागल्यावर प्राध्यापकांनी हात टेकले आणि प्रत्येकाचा एक ट्विन तयार झाला.

ट्विन म्हणजे सरांची यंत्रातली प्रत. सरांची तीस वर्षांची व्याख्यानं, निबंध, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर मारलेले शेरे, असं सगळं त्याला वाचायला घातलेलं. सर ज्या वळणाने लिहितात त्याच वळणाने तो लिहिणार, सर जिथे अडतात तिथेच अडणार. इच्छुक मुलांशी तीन आठवडे पत्रव्यवहार करायचा आणि निवडक चार नावं सरांपुढे ठेवायची, हे त्याचं काम. पत्रांखाली नाव सरांचंच असे, पण सर स्वतः त्या चौघांनाच भेटत.

पण ट्विनला उत्तरं देतंय कोण, मूल की मुलाचं यंत्र, हे कळायचं कसं? काहीही विचारा, यंत्राला उत्तर येतंच. मग एक मर्म सापडलं. ही यंत्रं माणसांच्या पसंतीवर वाढलेली असतात, आणि माणसाला पसंत पडतं ते आपल्या होला हो म्हणणारं. त्यामुळे समोरचा मोठा माणूस चुकला तरी 'अगदी योग्य मुद्दा' म्हणत मान डोलवायची, ही खोड त्यांच्या हाडीमांसी खिळलेली, हाडंमांस नसली तरी. तेव्हा ट्विनने मुलांना न सांगता मुद्दाम चुकीचं बोलायचं. जो स्पष्ट आक्षेप घेईल तो माणूस, जो घेणार नाही तो यंत्र. मोठ्या शहरांतल्या शेदोनशे मुलांवर ही कसोटी लावून पाहिली तेव्हा ती बिनतोड निघाली. माणूस चूक दाखवतोच, एवढं कसोटी ठरवणारे धरून चालले. कोणता माणूस, कोणाला, कशा शब्दांत दाखवतो, हे विचारायची गरज त्या शहाण्यांना वाटली नाही.

शिवलीलाला पाण्याचं वय मोजायचं होतं. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन अगदी नखभर असतो. पाणी जमिनीत मुरलं की नवा ट्रिटियम मिळणं बंद होतं आणि असलेला दर सव्वाबारा-साडेबारा वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजलं की पाणी जमिनीत कधी उतरलं ते कळतं. लातुरात बोअर खोल खोल जात चालल्या होत्या. आपण ओढतोय ते पाणी परवाच्या पावसाचं की पणजोबांच्या काळातलं? परवाचं असेल तर पुन्हा भरेल. पणजोबांचं असेल तर आपण ठेव मोडून खातोय, आणि ती संपणार. हे कुणीतरी मोजायलाच हवं होतं, आणि मोजण्याची सोय टिल्लू सरांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत होती. म्हणून तिला टिल्लू सरच हवे होते, दुसरं कुणी चाललं नसतं.

तर पहिल्याच आठवड्यात ट्विनने लिहिलं, 'सदतीस वर्षांत ट्रिटियम तीनदा निम्मा होतो, म्हणजे सहावा भाग उरतो.' निम्म्याचं निम्मं पाव, आणि पावाचं निम्मं आठवा भाग, हे शाळेतलं पोरही सांगेल. शिवलीलाने सगळं गणित पायरीपायरीने मांडलं आणि खाली लिहिलं, 'सरांनी दाखवलेल्या पद्धतीने करून पाहिले. आठवा भाग येतो आहे. माझी कुठे गफलत होत असल्यास कृपया सांगावे.'

आता मला सांगा, यात चूक दाखवायची काय राहिली? पण ट्विनने नोंद केली : 'अर्जदारास स्वतःच्या गणिताची खात्री नाही. आक्षेप : नाही.' उरलेल्या चार चुकांची तऱ्हाही हीच झाली.

"काय वाचायलीस एवढं?" नागरगोजे मॅडम आत आल्या. वैजयंता नागरगोजे, विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे तरी काय, त्या आणि अजून एक जण. शिवलीलाने त्यांच्यापुढे पत्र धरलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं.

"पाच चुका? तुला दिसल्या नव्हत्या?"

"सगळ्या दिसल्या की मॅडम. पाचही ठिकाणी बरोबर करून पाठवले मी."

"मग तसं म्हणाली का नाहीस?"

"सरांना कसं म्हणणार, तुमचं चुकलं म्हणून? आपण इथं कधी म्हणतो का तसं?"

खरंच, त्या विभागात तसं कुणी म्हणत नसे. फळ्यावर मॅडमची चूक झाली की मागून कुणीतरी उठायचं : "मॅडम, एक शंका होती." मॅडम वळून फळ्याकडे बघत, पुसत, बरोबर लिहीत आणि पुढे जात. शहाण्याला शब्दाचा मार. कुणाचं काही अडत नसे, कुणाचा पाणउताराही होत नसे. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही रीत आठवडाभरात येई, कुणाला शिकवावी लागत नसे.

"अपील कर," मॅडम म्हणाल्या. "अपिलाची सोय असेलच."

सोय होती. अपील ऐकणार होता तोच ट्विन. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, इथे तर मांजरच न्यायाधीश.

'माझ्या उत्तरांमध्ये पाचही ठिकाणी योग्य आकडे आहेत,' शिवलीलाने लिहिलं.

'आहेत,' ट्विनने मान्य केलं. 'परंतु ते आपण "सरांनी दाखवलेल्या पद्धतीने" या शब्दांनी दिले आहेत. मी दाखवलेल्या पद्धतीने ते येत नाहीत. उत्तर बरोबर देणे आणि तरीही समोरच्याचे खंडन न करणे, हे लेखनयंत्रांचे ठळक लक्षण आहे.'

'तो मान ठेवण्याचा भाग होता. चूक मला दिसली होती.'

'निकालानंतर बहुतेक अर्जदार हेच म्हणतात. आपल्या भावना मी समजू शकतो. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

भावना समजू शकतो म्हणे! शिवलीलाने फोन टेबलावर आपटला. जो समजू शकत नव्हता तोच तिला यंत्र म्हणत होता, आणि त्याचा शब्द तीन वर्षं देशातल्या प्रत्येक दारावर तिच्या आधी जाऊन उभा राहणार होता.

बातमी लपली नाही. वर्गातला एक मुलगा कॅन्टीनमध्ये जवळ येऊन हळूच म्हणाला, "कोणतं मशीन वापरलीस गं? लईच भारी लिहितंय म्हणे. मला पण दे की." तिने चहाचा कप तसाच ठेवला आणि उठली. पण खरा घाव बसला तो घरी. अप्पा, तिचे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. लेक पुण्याला शिकायला जाणार म्हणून त्यांनी डेपोत आधीच पेढे वाटले होते. जेवताना ते बराच वेळ भात कालवत राहिले.

"शिवा, रागावू नकोस. पण थोडीफार मदत घेतली असशील तर सांग. आजकाल सगळेच घेतेत."

"अप्पा!"

"तसं न्हाई गं. मोठ्या संस्थेनं लिहिलंय, म्हणजे काहीतरी..."

तिला वाटलं ताट भिरकावून द्यावं. जन्मल्यापासून ज्याने पाहिलं त्या बापाला लेकीपेक्षा शेरा खरा वाटत होता, आणि वाईट हे, की त्यात त्याचा दोष नव्हता. मोठ्या माणसांचं चुकत नसतं, हे त्याला लहानपणापासून पाजलेलं होतं. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली ती तापूनच. "मॅडम, हे आपल्यामुळं झालं. आपली ही शंका-शंका. तुम्ही तरी कशाला लावली ही सवय आम्हाला?"

विद्यार्थिनी असं कधी बोलली नव्हती. मॅडमना राग आला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बस. तुला एक सांगायचं राहिलंय. मी पीएच.डी. टिल्लू सरांकडेच केली, हे तुला ठाऊक आहे. तिथं आमच्यात गोखले म्हणून एक हुशार मुलगा होता. भर सेमिनारमध्ये उभा राहून म्हणाला, 'सर, हे चुकलंय.' चुकलंच होतं. सर हसले, आभार मानले. आणि पुढे वर्षभर त्याची प्रकरणं वाचली नाहीत. 'वेळ झाला नाही,' म्हणायचे. गेला बिचारा सोडून. तेव्हापासून त्या लॅबमध्ये कुणाला सरांची चूक दिसली नाही. शंका मात्र सगळ्यांनाच यायला लागल्या."

शिवलीला समोरच्या स्टुलावर बसली.

"तिथून ही रीत घेऊन मी इथं आले. मला वाटायचं, केवढी सुंदर पद्धत आहे." मॅडम कसनुशा हसल्या. "आणि ऐक. ही चुका पेरायची कसोटी ज्या समितीनं ठरवली ना, तिचे अध्यक्ष टिल्लू सर. 'स्पष्ट आक्षेप असेल तरच गुण' हा नियम त्यांच्याच हातचा."

म्हणजे ज्याने एका पिढीची जीभ बांधली, तोच आता पुढच्या पिढीला विचारत होता, तुम्हाला जीभ का नाही! शिवलीला ताडकन उठली. "मी त्यांना भेटणार," ती म्हणाली. "ट्विनला नाही. त्यांना."

"भेटणार कशी? निवडलेल्या चौघांशिवाय ते कुणाला भेटत नाहीत." मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पण पुढच्या रविवारी पुण्यात त्यांची एकसष्टी आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीनं गौरवाचं भाषण मी करायचंय."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या तीन रांगांत टिल्लूंचे जुने विद्यार्थी बसले होते. कुणी विभागप्रमुख झालेले, कुणी संचालक, केस पिकलेले. मॅडमचं भाषण शेवटी होतं, म्हणून त्या स्टेजवर कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि शिवलीला पाचव्या रांगेत. शाल-श्रीफळ झालं, औक्षण झालं, आणि सत्काराला उत्तर म्हणून टिल्लू सरांनी छोटं व्याख्यान सुरू केलं. माणूस देखणा, आवाज मधाळ. ट्विनच्या पत्रांतली लकब हुबेहूब तीच, फक्त इथे ती खरी होती, याचंच शिवलीलाला जास्त वाईट वाटलं. हाच आवाज ऐकत चार वर्षं शिकायचं स्वप्न तिने पाहिलं होतं.

सर कसोटीबद्दल बोलले. "मला होयबा नकोत," ते म्हणाले. "विज्ञान पुढे जातं ते गुरूला 'तुम्ही चुकलात' म्हणणाऱ्या शिष्यांमुळे." टाळ्या पडल्या. पहिल्या तीन रांगांनीही वाजवल्या, आणि त्या कशा वाजवल्या असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

मग सरांनी पडद्यावर एक नकाशा दाखवला. एका पाणलोटातल्या दोन विहिरी, प्रत्येकीतल्या पाण्याच्या पातळीचा आकडा, आणि मध्ये भूजल कुठून कुठे वाहतं ते दाखवणारा बाण. बाण खालच्या पातळीकडून वरच्या पातळीकडे काढलेला होता. जमिनीतलं पाणी झालं तरी चढावर वाहत नाही. ही पेरलेली चूक नव्हती, खरीखुरी होती, कुणाच्याही हातून होईल अशी. सर त्याच बाणावर बोट ठेवून पुढे बोलत राहिले.

पहिल्या रांगेतून डॉ. सबनीस उठले. पिकल्या मिशांचे, एका विद्यापीठाचे विभागप्रमुख. त्यांनी दोन्ही हात जोडल्यासारखे केले.

"सर, माझी एक बारीकशी शंका आहे. या दोन विहिरींमधला उतार मला नीट कळला नाही."

सरांनी वळून पडद्याकडे पाहिलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच म्हणाले, "अरे हो, बाण उलटा पडलाय. थँक्यू, सबनीस." आणि व्याख्यान पुढे सुरू झालं.

शिवलीला कधी उठून उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सर, यांना किती गुण?"

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"मी शिवलीला बिराजदार, लातूर. सबनीस सरांनी आता तुमची चूक दाखवली का न्हाई दाखवली? ते तर म्हणाले, मला कळलं नाही. तुमच्या नियमानं आक्षेप शून्य. मग यांच्यावर पण 'कृत्रिम' शेरा मारा ना. का यांचं बोलणं तुम्हाला कळतं आणि आमचंच कळत न्हाई?"

कुणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं. ती बसली नाही.

"पाच वेळा तुम्ही मला खोटं सांगितलं. पाचही वेळा मी बरोबर करून पाठवलं, तुमचा मान ठेवून. ही रीत काय मी घरी तयार केली? ती या पहिल्या तीन रांगांतून आलीय सर, आणि यांच्यात ती तुमच्याकडून आलीय. बांधायचं तुम्हीच आणि मग का चालत नाही म्हणून मारायचं पण तुम्हीच? चुकलंय सर. तुमचं चुकलंय. आता स्पष्ट म्हणाले मी. लिहून घ्या."

सबनीस मान खाली घालून चपलांकडे बघत होते. टिल्लू सरांनी क्षणभर ओठ आवळले. पण माणूस मुरलेला. त्यांनी हसून सभागृहाकडे पाहिलं.

"पाहिलंत? हीच ती जिद्द. हेच मला हवं असतं." ते तिच्याकडे वळले. "उद्या ऑफिसात या. तुमचा शेरा काढायला लावतो. माझ्याकडे एक जागा आहे, ती तुमची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी शिवलीलाच्या पाठीवर थोपटलं. पुण्याची प्रयोगशाळा, पाण्याचं वय, डेपोत पुन्हा ताठ मानेने उभे असलेले अप्पा, सगळं एका 'हो'वर येऊन थांबलं होतं. आणि ते तिला हवं होतं, खोटं कशाला बोला.

"आणि बाकीचे?" तिने विचारलं. "माझ्यासारखी किती जणं असतील, चंद्रपूरची, नंदुरबारची. मान ठेवून लिहिणारी. त्यांचे शेरे?"

"ते ट्विन पाहील. अपिलाची पद्धत आहे त्यासाठी."

"आणि नियम?"

"नियम असे एका भाषणाने बदलत नसतात, बाळ."

'बाळ' ऐकल्यावर तिचं ठरलं. "मग मला तुमच्याकडं शिकायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्या तुम्ही काही सांगितलं तर ते खरंय का पेरलेलं, हे मला कसं कळणार? आणि गोखले म्हणाले तसं मी म्हणाले, तर माझी प्रकरणं कोण वाचणार?"

गोखल्यांचं नाव निघाल्याबरोबर पहिल्या तीन रांगा जागच्या जागी सावरून बसल्या. सरांचं हसू गेलं. हे नाव या मुलीच्या तोंडी कुठून आलं ते त्यांना बरोबर कळलं, आणि ते स्टेजच्या कडेला वळले.

"वैजयंता, हे असं बोलायला तू शिकवलंस हिला?"

मॅडम उभ्या राहिल्या. गौरवाच्या भाषणाचे कागद त्यांनी खुर्चीवर ठेवले.

"नाही सर. मी तिला तेच शिकवलं जे तुम्ही मला शिकवलंत. त्यात ती शून्य मार्क मिळवून नापास झाली. आत्ता बोलली ते तिची ती शिकलीय."

त्या पायऱ्या उतरल्या आणि शिवलीलापाशी येऊन उभ्या राहिल्या. टिल्लू सर पुन्हा माइककडे वळले. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं, एकेका जुन्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना सावरून घ्यायला या वेळी कुणालाच शंका आली नाही.